मगरीनं सोडलेला पाय

दुरपते,

शाळेतले मास्तर तुझ्यावर चार ओळी लिहून घेऊन आले होते. तेरवीला वाचायच्या म्हणे. ‘स्वभावाने सालस, मितभाषी, सर्वांमध्ये मिळून मिसळून राहणाऱ्या.’ मी म्हटलं, मास्तर, तुम्ही घर चुकलात. ही बाई दुसऱ्या कोणत्या तरी गावची असेल. आमची दुरपता दिघोरीच्या शेतातल्या धुऱ्यावरून हाक मारायची तर तिकडे लाखनीला हायवेवरचे ट्रक ब्रेक मारायचे. मास्तर हसले नाहीत. कागदाची घडी घालत म्हणाले, “मग तुम्हीच लिहा बेबीबाई. पण खरं लिहा.”

ते ‘खरं’ त्यांनी असं म्हटलं, जसं मांजरापुढे दूध ठेवून बजावावं.

त्यांचंही काही चुकत नाही. गावात मला बाताडी म्हणतात ते उगाच नाही. दिवसभर कंबरेत वाकून चिखलात धानाच्या रोपांचे पऱ्हे रोवायचे, वरून पाऊस, खालून जळवा, अशा वेळी ओळीतल्या बायांना कोणीतरी बाता सांगायला नकोत का? तू गाणं उचलायचीस. गाणं संपलं की माझी बात सुरू. तू शेताच्या कडेच्या धुऱ्याला लागून पहिली, तुझ्या डाव्या हाताला कांताबाई, तिच्या पलीकडे मी, आणि मग बाकीच्या. तुझा पाय जिथे पडेल तिथून ओळ धरायची, म्हणून आपल्या टोळीचा रोवणा दोरी लावल्यासारखा सरळ. मी वाघाशी कुस्ती केली, बोडीतल्या मासोळीनं मला नावानं हाक मारली, सगळं सगळं तुम्ही ऐकून घेतलं. एक कांताबाई तेवढी कधी हसली नाही. ती मधेच कंबर सरळ करून विचारायची, “मंग थो वाघ गेला कुठं?”

पण आज मला तुझ्या पायाबद्दल लिहायचं आहे. त्या पायाबद्दल मी एक अख्खी मगर गावाच्या गळ्यात उतरवली, आणि एक तीळ उतरवता उतरवता माझी वाचा बसली.

तुझा उजवा पाय. आपण दोघी उन्हाळ्यात तेंदूची पानं तोडायला जंगलात जायचो, ते दिवस आठव. संध्याकाळी ओसरीवर बसून एकमेकींच्या अंगावरच्या गोचिड्या काढायच्या आणि हसायचं. मी म्हणायचे, माझ्या अंगावरची बघ, कासवाएवढी आहे, हिला दावं बांधून ठेवते. तुझ्या घोट्याजवळची इवलीशी, तिळासारखी. तू ती नखानं उडवून दिलीस. कोण लक्षात ठेवतं अशा गोष्टी?

किती तरी पावसाळ्यांनंतर त्या पायाला लाली आली. सूज आली, मळलेल्या कणकेसारखी मऊ. ओळीतली एकूण एक बाई म्हणाली, चिखल्या झाल्या. आपल्या धानाच्या मुलुखात पायाला काहीही झालं तरी चिखल्याच होतात. कोणाचा पाय गळून पडला तरी आपण म्हणू, चिखल्या वाढल्या वाटते, मेंदी लाव. तू मेंदी लावलीस. रोवण्यात सगळ्याच लावतात. पण पोळा गेला, दिवाळी गेली, उन्हाळ्यात चिखल तर सोड, बोडीत बेडकालाही पाणी उरलं नाही, तरी तुझ्या पायावर मेंदी. घोट्यापर्यंत होती ती नडगीवर चढली. तेव्हा मी समजले, हे औषध नाही. तू काहीतरी लपवून राहिली आहेस.

एका दुपारी तू मला घरात ओढलंस आणि दाराला कडी घातलीस. बादलीत पाय बुडवून मेंदी खरवडून काढलीस आणि पाय माझ्या मांडीवर ठेवलास.

“कोनाले सांगशीन तं जीभ कापून बोडीत फेकीन.”

मी आजवर खूप मोठमोठ्या गोष्टी सांगितल्या, पण जे पाहिलं ते वाढवायला शब्द नव्हता. बोटांपासून गुडघ्याच्या खालपर्यंत पाय निळा-जांभळा, जांभूळ चुरडल्यासारखा. आणि कातडी! कांदा सोलताना आतला जो पातळ पापुद्रा निघतो, तशी. खालची शीर न शीर दिसत होती. मी चिमटीत धरली तर सुरकुती पडली आणि तशीच उभी राहिली, परत जागेवर जायचं विसरल्यासारखी. एक केस नाही. डावा पाय मात्र चांगला, भेगाळलेला, काळा, आपल्या सगळ्यांसारखा.

“दुखते?”

“साडीचा काठ लागला तरी आग होते. माशी बसली तरी समजते.” मग तू अगदी हळू विचारलंस, “महारोग असन का वो बेबी?”

मी लगेच ‘नाही’ म्हटलं. मला काय माहीत होतं, कप्पाळ! पण तुझे डोळे तसे होते. दरवर्षी आरोग्यवाल्या बाया घरोघर अंगावरचे चट्टे विचारत यायच्या तेव्हा तू कुठे गायब व्हायचीस, ते मला त्या दिवशी कळलं. तुझ्या मुलाचं लग्न ठरत होतं. मुलीकडच्यांच्या कानावर एवढा एक शब्द गेला असता तर मांडव उभा राहायच्या आधीच पडला असता. तुला मरणाची भीती कधीच नव्हती. तुला भीती होती ती लोक उठून जाण्याची. पंगतीतून, ओसरीवरून, ओळीतून.

आणि लग्न म्हटलं की पाया पडणं आलंच. नवी सून वाकणार, तिचं तोंड पायाशी येणार, मेंदीखालचा जांभळा रंग तिला दिसणार. “काई तरी कर,” तू म्हणालीस. तुझ्या तोंडून ‘काहीतरी कर’ ऐकलं आणि मला मगर सुचली.

आठवते ना? तुझं माहेर पवनीचं, म्हणून वैनगंगा हाताशीच होती. मी गावभर सांगितलं की दुरपता लहान असताना पुरात वाहून गेली आणि मगरीनं तिचा उजवा पाय धरला. ही पोरगी हुशार, ती ओरडली, “मामा, सोड!” आता आपल्याकडे मामानं भाचीच्या पाया पडायचं असतं. मगरीला कायदा माहीत. तिनं दात सोडवले, भाचीच्या पायावर डोकं टेकवलं आणि उलट्या पावली पाण्यात गेली. ज्या पायाला मगर पाया पडली, त्याला माणसानं हात लावायचा नाही. दुरून नमस्कार करायचा.

लोकांनी मानलं! माझाच विश्वास बसला नाही इतकं मानलं. लग्नात अख्खं वऱ्हाड तुझ्यापासून चार हात लांब उभं राहून वाकत होतं. तुझी सून प्रणाली, शिकलेली पोरगी, तीही हात जोडून दुरूनच. एक म्हातारे तर म्हणाले, ती मगर त्यांनी पाहिली आहे, तिच्या कपाळावर अजून कुंकू आहे. तू पदराआडून माझ्याकडे बघून असं हसू दाबलंस की तुला ठसका लागला.

मला वाटलं, जिंकलो. पण त्या पापुद्र्याखाली जे चाललं होतं ते मगरीला घाबरत नव्हतं.

नातू रांगायला लागला होता तेव्हा प्रणालीनंच ते पाहिलं. चुलीजवळ लाकूड घासलं आणि एवढ्याशा ओरखड्यानं कातडी टराटरा उसवली. तिनं आरडाओरडा केला नाही. पाय धुऊन बांधला आणि म्हणाली, “आई, चला नागपूरला.” तू म्हणालीस, मरून जाईन पण जाणार नाही. मुलगा समजावून थकला, तुझे मालक गप्प बसून थकले. मग ती पोरगी माझ्या दारात आली. “मावशी, तुम्ही काही पण सांगू शकता. एवढं जमवा.”

मी तुला सांगितलं, मला खरूज झाली आहे, लाज वाटते, एकटीनं जाववत नाही, तू सोबत चल. तू लगेच तयार! दुसऱ्याच्या खरजेसाठी बाई नागपूरला निघाली. बसमध्ये तू माझ्यासाठी कडुलिंबाचा पाला घेऊन बसली होतीस आणि मी जमेल तिथे खाजवत होते. मोठ्या दवाखान्यात माझं नाव पुकारलं. आत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “काय होतंय?” मी म्हटलं, “मला ही होते,” आणि तुझी साडी गुडघ्यापर्यंत वर केली.

तू माझ्या दंडाला जो चिमटा काढलास त्याचा वळ पुढच्या जन्मी पण राहील. पण डॉक्टरीणबाई तेवढ्यात खुर्चीवरून उठल्या होत्या. त्यांनी कापसाची वात करून तुझ्या पायावर फिरवली. “समजतंय?” तू दात-ओठ खात म्हणालीस, “समजते ना! काहून नाई समजणार?” त्यांनी तुझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “हे चांगलं आहे.” मग त्यांनी विचारलं, जंगलात जाता का? गोचीड चावली होती का कधी? आपण दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो.

पायाच्या कातडीचा एक कण काढला, रक्त काढलं. आणि मग वाट पाहणं सुरू झालं. ते दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. तू जेवणात मीठ घालायला विसरायचीस. तू घरात तुझं ताट, तुझा गिलास वेगळा ठेवला होतास, स्वतःच. नातवाला जवळ घेत नव्हतीस. कोणी सांगितलं नव्हतं, तरी तू स्वतःला ओळीतून काढायची तयारी करत होतीस. मी तुझ्या ओसरीवर रोज यायचे, आणि मला एकही बात सुचायची नाही. दोघी मुक्यानं वाल सोलायचो.

निकाल आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आधी तुला बसायला सांगितलं. तू बसली नाहीस. त्या म्हणाल्या, “हा महारोग नाही. आणि असता, तरी तो गोळ्यांनी बरा होतो, त्यात लपण्यासारखं काही नाही. हा गोचिडीपासून आलेला आजार आहे. तिच्या चाव्यातून एक जंतू अंगात जातो आणि काही जणांच्या कातडीत वर्षानुवर्षं राहतो. आपल्याकडे फार कमी दिसतो, म्हणून मी दोन ठिकाणी तपासून घेतलं.”

“दुसऱ्याले लागते?”

“नाही. माणसाकडून माणसाला नाही. ताटातून नाही, पाण्यातून नाही.”

“पाय पयल्यासारखा होईन?”

त्यांनी पाय पुन्हा एकदा निरखला. “लाली कमी होईल, सूज जाईल, आगही कमी होईल. पण जी कातडी झिजून पातळ झाली, ती पूर्ण भरून येईलच असं मी सांगणार नाही.”

परत येताना तू खिडकीशी बसलीस. भंडाऱ्यापर्यंत बाहेरचे धुरे मोजत राहिलीस. मग एकदम हसायला लागलीस, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. “मगर नाई, वाघ नाई. तीळ वो बेबी! तिळाएवढ्या जनावरानं माह्ये इतके साल खाल्ले.” घरी पोचल्यावर तू पाय धुवायच्या आधी नातवाला उचललंस.

गोळ्या महिनाभर चालल्या. पाय खरंच निवला. जांभळ्याचा फिका करडा झाला, सूज उतरली. पापुद्रा मात्र राहिला, शिरा तशाच वर. आणि तू मेंदीचा डबा उकिरड्यावर नेऊन उपडा केलास. “रोग गेला. आता झाकू काहून?”

तुला वाटलं, आता मोकळं झालं. मलाही वाटलं. दुरपते, तू आजारी होतीस तेव्हा गाव तुझ्यासोबत एका पाण्यात उभं होतं. तू बरी झालीस आणि गाव बाहेर आलं.

मागच्या रोवण्याचा पहिला दिवस. तू साडी खोचलीस आणि उघडा पाय घेऊन धानाच्या बांधीत उतरायला निघालीस. कांताबाईनं तिथेच हात आडवा केला.

“हे काय वो पायाले?”

सगळ्या जमल्या. तू माझ्याकडे वळलीस. “सांग बेबी. खरं सांग.”

मी सांगितलं. गोचीड चावली होती, तिळाएवढी, कित्येक वर्षांपूर्वी. त्यातून कातडी अशी झाली. औषध झालं. लागत नाही. एवढंच. मी एक अक्षर वाढवलं नाही, तुझ्या गळ्याची शपथ.

आणि बाया हसल्या! एक म्हणाली, “मगर बरी होती वो बेबी, गोचीड कायले आनली?” दुसरी म्हणाली, “तिळानं पाय निळा केला म्हने! हे बाईची आजवरची सगळ्यात मोठी बात हाये.” मी देवाची शपथ घेतली, तर त्या आणखी हसल्या, कारण वाघाच्या कुस्तीच्या वेळीही मी देवाचीच घेतली होती. हसली नाही ती फक्त कांताबाई.

“महारोग हाये का, सरळ सांग दुरपता.”

“नाई.”

“मंग इतके साल मेंदी काहून लावे? लपवे काहून?”

तू खोचलेली साडी खाली सोडलीस. कांताबाई म्हणाली, “मी वाईट नाई बोलून राहिलो. पन पानी तं एकच असते ना? तुह्या पायाखालचंच पानी माह्या पायाले लागते. घरी लेकरं हायेत सगळ्यायच्या.” ती दुष्ट नव्हती, घाबरलेली होती, आणि घाबरलेल्या माणसाशी भांडता येत नाही. बाया एक एक करून तुझ्यापासून सरकल्या. पाण्यात तुझा पाय पडलाच नव्हता, तरी सगळ्यांनी आपापले पाय वर काढले.

त्या संध्याकाळचं आपलं भांडण अजून संपलं नाही. मी म्हटलं, थांब, मी यांना उद्या सरळ करते. सांगते की ती मगर परत आली, पवनीहून निरोप आला, जी बाई दुरपताच्या बाजूला उभी राहील तिच्या घरी दुभती म्हैस येईल. बघ कशा तुझ्या बाजूला उभं राहायला भांडतात. दोन दिवसांत तुला ओळीत उभं करून दाखवते.

“नाई.”

“अवो, पटते त्यायले! खरं पटत नाई, मगर पटते. मी काय करू?”

“तुह्या मगरीनं मले तारलं, मी नाई म्हनत नाई,” तू म्हणालीस. “पन तवा मले माहीत नोतं का मले काय झालं. आता माहीत हाये. आता मी खोट्यावर त्या पान्यात उतरत नाई.”

“मंग बस धुऱ्यावर!”

आणि तू बसलीस. अख्खा रोवणा. पऱ्ह्यांच्या पेंड्या बांधून तू धुऱ्यावरून आमच्याकडे फेकायचीस. त्या पेंड्या तुझ्याच हातच्या, त्या चालत होत्या. गाणं कोणी उचललं नाही. तू उचलशील म्हणून सगळ्या थांबायच्या आणि तू तिकडे तोंड करून बसायचीस. मी बात सांगितली नाही. आणि ओळ! दुरपते, ती ओळ अशी वाकडी गेली की बगळेसुद्धा बाजूनं चालायला लागले. धान कापेपर्यंत ती वाकडी ओळ शेतात उभी होती, आणि रस्त्यानं जाताना मी दरवेळी तोंड फिरवलं.

तुझा राग आला होता मला. खरेपणाचा कसला हा माज, असं वाटायचं. मी तुझ्यासाठी गावाशी खोटं बोलायला तयार होते आणि तू माझं खोटं घेत नव्हतीस, जसं काही मी उसने तांदूळ घेऊन आले आणि तू दार लावलंस. आज त्या रागाचं काय करू ते समजत नाही. तो तुझ्याबरोबर गेला नाही. इथेच आहे, ओसरीवर, वाल सोलत.

औंदा पऱ्हे हाताला आले तेव्हा तू भाजी निवडता निवडता म्हणालीस, “माह्या घरच्या बांधीत मी उतरतो. कोनी येवो नाई येवो. तू आन मी. दोघीची ओळ.” मी म्हटलं, पाहू. मला ‘हो’ म्हणायचं होतं. थोडा भाव खावा म्हणून ‘पाहू’ म्हटलं. दुसऱ्या दिवशी तू चुलीपुढे कलंडलीस. हृदय, डॉक्टर म्हणाले. पायाशी काही संबंध नाही, हेही म्हणाले. पण गाव दारात जमलं तेव्हा ओट्याखाली कुजबुज सुरू होती, “पायानंच खाल्लं शेवटी.”

आम्ही तुला अंगणात न्हाऊ घातलं. सवाष्ण गेलीस, म्हणून हिरवी साडी, हळद, कुंकू. पायांची पाळी आली तशी कोणीतरी प्रणालीच्या हाती आलत्याची वाटी दिली. “भरून लाव वो नडगीवरवर, झाकून जाईन. चांगलं दिसन.”

प्रणालीनं माझ्याकडे पाहिलं. अख्खं अंगण माझ्याकडे पाहत होतं. सोपं होतं, दुरपते. चार बोटं लाल रंग, आणि तू डोळ्यांना बरी दिसत गेली असतीस. मलाही बरं वाटलं असतं. मी वाटी घेतली आणि तुळशीजवळ ओतून दिली. तुझा पाय साध्या पाण्यानं धुतला, पुसला, साडीचा काठ घोट्याच्या वर घेतला आणि तसाच ठेवला. करडा, पातळ, शिरा दिसणारा.

“हा गोचिडीनं झाला,” मी म्हटलं. “लागत नाई.”

मग पाया पडायची वेळ आली. मुलगा वाकला. प्रणाली पुढे आली, वाकली आणि मधेच थांबली. “मावशी,” ती मला म्हणाली, “लग्न झाल्यापासून कधी शिवू नाही दिलं त्यांनी. आता पडू?” मी मान हलवली. तिनं दोन्ही हातांनी तुझा उजवा पाय धरला आणि सोडेचना.

त्यानंतर कोणी हललं नाही. सगळ्या उभ्या. पदर तोंडाशी. कोणी दुरून हात जोडले आणि मला माझीच मगर दिसली, तुझ्या उशाशी बसलेली, माझ्याकडे बघून दात काढत. पुरुष तिकडे ‘उचला आता’ म्हणत होते. मला वाटलं, हे असंच होणार. हिचा पाय गावानं शिवल्याशिवाय असाच जाणार, आणि मी काहीही सांगितलं तरी कोणी मानणार नाही.

“सरक वो बेबी.”

कांताबाई होती. ती बायांकडे वळली. रडत नव्हती, भांडत होती, पण कोणाशी ते समजत नव्हतं. “इतके साल मी हिच्या डाव्या हाताले उभी राह्यलो. हिच्या पायाखालचं पानी आंधी माह्या पायाले लागे, मंग तुमच्या. तवा काय झालं होतं कोनाले? लागाचं असतं तं पयले मले लागलं असतं.” तिनं साडी वर केली. काळे, भेगाळलेले, साधे दोन पाय. “हे पाहा माह्ये.” आणि ती तुझ्या पायाशी बसली आणि त्या पापुद्र्यावर कपाळ टेकवलं. हळू टेकवलं. उसवेल म्हणून.

मग बाकीच्या आल्या.

मला कांताबाईला मिठी मारायची होती आणि धक्का द्यायचा होता. एवढाच हिशेब तिनं मागच्या रोवण्यात केला असता तर? तुझा पाय तिथेच होता, तिचेही तिथेच होते. पण नाही. तिनं तुझ्याबद्दल वर्षभर विचार केला असेल आणि उत्तर यायला एवढा वेळ लागला. मी तिला काही बोलले नाही. तुला काय वाटलं असतं ते तू सांगून गेली नाहीस.

पऱ्हे थांबत नाहीत. तेरवीच्या आधीच तुझ्या घरच्या बांधीत उतरावं लागलं. मी एकटीच जाणार होते, तर पूर्ण टोळी धुऱ्यावर उभी. आम्ही उतरलो. धुऱ्याला लागून एक जागा रिकामी राहिली, मग कांताबाई, मग मी. औंदा एक नवी नवरी टोळीत आली आहे, हसरी, भित्री नाही. ती बिचारी सरळ त्या रिकाम्या जागेवर जाऊन उभी राहायला लागली.

“थे जागा राहू दे,” कांताबाई म्हणाली.

“काहून वो?”

सगळ्या बाया कंबर सरळ करून माझ्याकडे पाहायला लागल्या. बात पाहिजे होती त्यांना. आणि दुरपते, मगर माझ्या जिभेवर आली होती, तोंड उघडून, कपाळावर कुंकू लावून. मी तिला गिळलं.

“इथं दुरपता राहे,” मी म्हटलं. “तिले गोचीड चावली होती. तिळाएवढी. त्यानं पाय खराब झाला, आन आम्ही तिले पान्यात उतरू नाई दिलं.”

नवरी खुदकन हसली. “तिळाएवढी?”

“हासू नोको पोरी,” कांताबाई म्हणाली. “खरं हाये.”

मग तिनं पेंडी सोडली, आणि आमची ओळ वाकडीच सुरू झाली.

— बेबी